उष्टं पाणी

मी "खारं" म्हणाले आणि दादांनी "गार" ऐकलं. झालं ते एवढंच.

प्रयोगशाळेतल्या आमच्या खोलीत ऐकू येणं तसं कठीणच. तोंडावर मास्क, कानांवरून ओढलेली टोपी, आणि ज्या काचेच्या कपाटात हात घालून काम करायचं त्याचा पंखा दिवसभर घूं घूं करत असतो, बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून. मी आणि माझ्यासोबत काम करणारे दादा एकमेकांकडे पाठ करून बसतो. बोलणं आधीच बेताचं, त्यातलं निम्मं मास्कमध्येच राहतं. मिठाच्या पाण्याला आम्ही खारं म्हणतो. आपल्या अंगातलं पाणी जेवढं खारट, तेवढंच ते खारट. पेशी धुवायच्या त्या त्याच पाण्याने. ज्यात काहीही नाही असं शुद्ध पाणी फ्रीजमध्ये असतं, आणि गार बाटली म्हटलं की ते. मी मागे हात केला, हातात बाटली आली. थंड लागली, तरी मनात काही आलं नाही. खारंसुद्धा कधीकधी कोणीतरी फ्रीजमध्ये ठेवतंच. लेबल वाचायचं असतं. दादांनी वाचलं नाही, मीही वाचलं नाही.

नळीच्या तळाशी पेशींचा मोहरीएवढा ठिपका होता. त्यावर पाणी पडलं आणि मी नळी हलवली, तर आतलं पाणी शेंबडासारखं तार धरू लागलं.

पेशीला आवरण असतं, इतकं पातळ की साबणाचा फुगा त्यापुढे गोधडी वाटावी. आत मीठ, साखर, हजार गोष्टी. बाहेर नुसतंच पाणी असलं की ते आत घुसतं. आतला खारटपणा त्याला ओढून घेतो. पेशी फुगते, गोल गोल होते आणि फुटते. मग केंद्रकात गुंडाळून ठेवलेला तो लांबच लांब धागा बाहेर सुटतो, आणि पाणी चिकट होतं. तार दिसली की समजायचं, फुटल्या. मी धावाधाव करून दाट मीठ घातलं, खारं घातलं, नळी पुन्हा फिरवली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर सगळीकडे चिंध्या, आणि चिंध्यांमध्ये कुठे कुठे एखादी अख्खी, चमकणारी.

दादा माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. "मी गार ऐकलं," ते म्हणाले.

"मी खारं म्हटलं होतं."

त्यानंतर बरेच दिवस आम्ही दोघं एकमेकांशी एवढंही बोललो नाही. काही हवं असलं की बोटाने बाटली दाखवायची, समोरच्याने लेबल माझ्याकडे करून धरायचं, मी मान हलवायची. काम अगदी बिनचूक होत होतं.

त्या पेशी कातडीच्या होत्या, आणि ती कातडी खालच्या मजल्यावरच्या जळितांच्या वॉर्डातल्या एका बाईंची होती. मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर काम करायच्या. वाफेच्या पाइपाचा सांधा सुटला तेव्हा त्या वाकून चादर ओढत होत्या. सगळी वाफ पाठीवर आली. मानेपासून कमरेपर्यंत पाठ गेली. सर्जननी मांडीवरून पोस्टाच्या तिकिटाएवढा चांगल्या कातडीचा तुकडा काढून वर पाठवला होता. त्यातून आम्ही पेशी सुट्या करायच्या, त्यांचं खाणं असलेल्या गुलाबी पाण्यात वाढवायच्या, त्यांचा पापुद्रा झाला की तो खाली पाठवायचा, आणि तो पाठीवर पसरायचा. पाठ उघडी राहिली तर जंतू शिरतात, अंगातलं पाणी झिरपून जातं. तोवर औषधाच्या पट्ट्यांनी झाकून ठेवायची, पण पट्टी ती पट्टीच. अंगात ताप मुरलेला. ताप उतरेपर्यंत दुसरा तुकडा काढणं त्यांना झेपणारं नव्हतं.

सर्जन वर आले. वॉर्डातले बूट म्हणून दारातच उभे राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. किती जिवंत आहेत, त्यांनी विचारलं. मूठभर, मी म्हणाले.

"कोणाची मूठ?"

माझ्या डोळ्यांपुढे टिल्लूची मूठ आली. टिल्लू म्हणजे माझी मुलगी. अजून दीड वर्षाचीही नाही, हॉस्पिटलच्याच पाळणाघरात असते. तिच्या मुठीत माझं एक बोट मावतं, तेही तिने ठरवलं तर. सर्जन म्हणाले, वाट बघू. जाता जाता वळून म्हणाले की बाईंना हे सांगायला हवं, आणि नातेवाईक म्हणावं असं त्यांना कोणी नाही. मी सांगायला गेलो की माणसं घाबरतात, तुम्ही सांगाल का.

वर काम करणारी माणसं खाली जात नाहीत. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आम्हाला पेशंट म्हणजे नळीवरचा आकडा, आणि वॉर्डाला आम्ही म्हणजे फोनवरचा आवाज. मी गाऊन चढवला, पायांवर कापडी पिशव्या घातल्या आणि सिस्टरनी दाखवलेल्या खोलीत शिरले.

बाई पालथ्या होत्या. महिनाभर पालथ्याच होत्या. पलंगाच्या टोकाला चेहऱ्यापुरती फट ठेवलेली, तिच्यातून त्यांना जमीन दिसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. पाठीवर पांढरा डोंगर.

"हे पाय नवीन दिसतात," फटीतून आवाज आला.

मी म्हटलं, मी वरच्या मजल्यावरची. तुमची कातडी आमच्याकडे असते.

"म्हणजे माझ्याच घरच्या म्हणायच्या."

सांगायचं कसं, ते मी जिन्यात ठरवून आले होते. सगळं विसरले. पाणी चुकलं, एवढंच म्हणाले. मग खारं कोणतं, गार कोणतं, कोण काय म्हणालं आणि कोणी काय ऐकलं, ते सगळं सांगितलं, वेड्यासारखं, लांबण लावून. त्यांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. डोक्यामागचे विस्कटलेले केस आणि एक कान एवढंच दिसत होतं. कानाकडे बघून सगळं बोलत होते मी.

"सगळी गेली?"

"थोडी आहे."

"वाढेल?"

माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "मला एकदा उताणं झोपायचंय. बाकी काही म्हणणं नाही. छताला पंखा आहे की नुसतंच छत आहे, एवढं तरी कळू दे."

मी वर पाहिलं. पंखा नव्हता. एक लांबट दिवा होता आणि कोपऱ्यात ओलीचा डाग, बदकासारखा. तसं सांगितलं.

"मग बघण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या.

वाचलेल्या पेशी मी एका चपट्या बाटलीत पेरल्या. आम्ही पेरणंच म्हणतो. एरवी पेरल्या की दुसऱ्या दिवशी त्या तळाला चिकटून पसरतात, शेजारणीला लागून बसतात आणि लगेच कामाला लागतात. या पसरल्या, पण एक इथे आणि दुसरी पार तिकडे. मधे मैदानं. रोज सकाळी बाटली मायक्रोस्कोपखाली धरायची आणि मोजायचं मनात आलं तरी मोजायचं नाही, कारण आकडा तोच असणार हे दिसतच होतं. मरत नव्हत्या. वाढतही नव्हत्या. जेवत होत्या; गुलाबी पाणी हळूहळू पिवळट व्हायचं, म्हणजे आतल्या भट्ट्या पेटलेल्या होत्या. पण दोन व्हायचं नाव नाही.

दिवस असे गेले की त्यांच्यातला कोणता कुठला, सांगता येणार नाही. सकाळी टिल्लूला पाळणाघरात द्यायचं, तिचा हात माझ्या कॉलरवरून सोडवायचा, वर यायचं, मास्क लावायचा. दादांच्या पाठीला पाठ. घूं घूं. संध्याकाळी टिल्लूला घ्यायचं, घरी जायचं, तिला भरवायचं. नवरा जहाजावर, रेंज आली की फोन येतो आणि दोघंही घाईघाईने बोलतो, म्हणून काहीच बोलत नाही. एकदा त्याने विचारलं, काय चाललंय तिकडे. मी म्हटलं, काही नाही. खरं म्हणजे त्या दिवशी मी सकाळपासून कोणाशी पूर्ण वाक्यसुद्धा बोलले नव्हते. टिल्लूशी बोलले होते, पण टिल्लूला "दे" आणि "नको" एवढंच कळतं, आणि ते तीच मला सांगत असते.

पुन्हा खाली जायचं मला कोणी सांगितलं नव्हतं. काम संपल्यावर आणि पाळणाघर बंद व्हायच्या आधी जी थोडी फट असते, तिच्यात मी जाऊ लागले. पलंगाशेजारी स्टूल घ्यायचं आणि पाय फटीखाली दिसतील असे ठेवायचे, म्हणजे कोण आलंय ते त्यांना कळे. बाई आधी माझ्या पायांची खबर घ्यायच्या. आज पिशवीची नाडी सुटलीय, आज डावा पाय दमलेला दिसतो. मग विचारायच्या, "ती काय करते?" ती म्हणजे वरची कातडी.

पेशी काय खाते हे त्यांना हवं होतं. मी सांगितलं, साखर, थोडं मीठ, इतर किरकोळ. तोंड नसतं मग कुठून खाते? दारं असतात, म्हटलं. अंगभर दारं. पाणी-हवा यांना कोणी अडवत नाही, ती येतात-जातात. साखरेला हात धरून आत आणावं लागतं, त्यासाठी वेगळी दारं आणि दारांवर वेगळी माणसं. आणि मीठ चोरासारखं सतत आत येत राहतं, ते दिवसभर उपसून बाहेर टाकावं लागतं. जेवढं कमावते त्यातलं बरंचसं त्या उपशातच जातं.

"म्हणजे उंबऱ्यात उभी राहून झाडू मारणारी बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत आहे एक. तिच्या घरात कोणी गेलेलं मी पाहिलं नाही."

त्यांच्या घरी कोण असतं, ते मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. एक बहीण होती, ती गेली. लाँड्रीतल्या बायका एकदा भेटायला आल्या होत्या. आत सोडत नाहीत म्हणून काचेपलीकडे उभ्या राहिल्या. बाईंना वळता येईना. बायकांनी काचेतून बराच वेळ हात हलवले, म्हणे, पट्ट्या बांधलेल्या पाठीकडे बघून, आणि गेल्या. सिस्टरनी नंतर सांगितलं. "मला मेलीला पाय पण दिसले नाहीत त्यांचे," बाई म्हणाल्या.

अंगाखालच्या चादरीवरही त्यांचा राग होता. ही घडी आमची नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सिस्टरना सुनावलं होतं. आमच्याकडे घडीची कड आत जाते, बाहेर दिसत नाही.

मी एकदा सांगून टाकलं की त्या वाढत नाहीयेत.

"का, लाजतात?"

थोड्या आहेत म्हणून, मी म्हणाले. पेशी वाढायची असली तर तिला आजूबाजूला कोणी आहे हे कळावं लागतं. प्रत्येकजण पाण्यात काही ना काही सोडत असते, बारीक बारीक निरोप. दाटीने बसलेल्या असल्या की निरोप लगेच पोचतात आणि सगळ्या मिळून कामाला लागतात. लांब लांब असल्या की निरोप पाण्यात विरून जातात. मग प्रत्येकीला वाटतं की आपण एकट्याच उरलो, आणि ती नुसती बसून राहते.

बाई विचारात पडल्या. "एकीचं दुसरीला ऐकू जात नाही."

"नाही."

"तुमच्या खोलीसारखंच की." आणि त्यांना खारं आणि गार आठवलं. त्या हसायला लागल्या. हसल्या की पाठ ओढली जायची, म्हणून कण्हत कण्हत हसत होत्या, आणि मला थांबवा म्हणत होत्या. मी काहीच करत नव्हते तर थांबवू काय. पण मीही हसले. मास्कच्या आत तोंड ओलं झालं.

त्याच आठवड्यात कधीतरी दादांनी माझ्यापुढे एक बाटली आणून ठेवली. लेबल माझ्याकडे करून. बाईंचंच नाव. पण ही माझी बाटली नव्हती.

कातडीचे दोन मजले असतात. वरचा पातळ, जो आरशात दिसतो. खालचा जाड आणि चिवट, त्याच्या पेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. तुकडा आला की आम्ही दोन्ही मजले सोडवून दोन नळ्यांत ठेवतो. गार पाणी पडलं होतं ते वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्याची नळी बाजूच्या स्टँडमध्ये तशीच राहिली होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दादांनी ती पेरली होती. माझ्या आधी यायचे, खाऊ घालायचे, बाटली मागच्या फळीवर सरकवून ठेवायचे. आता ती गच्च भरली होती, वाऱ्याने एका दिशेला पडलेल्या गवतासारखी.

"उष्टं देऊन बघू या," दादा म्हणाले.

हा शब्द त्यांचाच. पेशींनी एक दिवस वापरलेलं पाणी, ज्यातलं थोडं खाऊन झालंय आणि ज्यात त्यांचे निरोप उतरलेत, त्याला इथे उष्टं म्हणतात. बाहेरून शिकून आलेली माणसं ऐकून नाक मुरडतात. ही युक्ती मला माहीत नव्हती असं नाही; पण दुसऱ्या कोणाच्या पेशींचं पाणी पेशंटच्या अंगावर जाणाऱ्या पेशींना देता येत नाही, म्हणून मी ती डोक्यातून काढून टाकली होती. हिचंच उष्टं हिलाच द्यायचं, हे मला सुचलं नव्हतं. सर्जनना विचारलं. त्यांनी जिवाणू आहेत का ते तपासून घ्या म्हटलं, आणि हो म्हटलं.

दादांनी गुलाबी पाणी कातडीच्या खालच्या मजल्याच्या बाटलीत घातलं. दुसऱ्या दिवशी ते काढून बारीक गाळणीतून गाळलं, एकही पेशी सोबत येऊ नये म्हणून. मी ते अर्धं घेतलं, अर्धं ताजं घेतलं आणि माझ्या मैदानात सोडलं. दोघांनीही लेबलं मोठ्याने वाचली. ओरडूनच वाचली म्हणायची.

त्या संध्याकाळी टिल्लूने केळं अर्धं चोखून माझ्या तोंडाशी धरलं. रोज धरते. रोज मी ते उभ्याउभ्या खाऊन टाकते, टाकायला नको म्हणून. तेच बऱ्याचदा माझं जेवण. त्या दिवशी मी खाली बसले आणि सावकाश खाल्लं. ती बघत होती. नवरा घरी असला की माझ्या ताटातलं न विचारता उचलतो. मला त्याचा राग येतो, घे की स्वतःचं वाढून, असं मी दर वेळी म्हणते. बसल्या बसल्या मनात आलं, माझं उष्टं कोणी खाऊन किती महिने झाले.

दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग एका सकाळी एक पेशी गोल झालेली दिसली. मला वाटलं मेली. मरतानाही त्या गोल होतात, तळ सोडतात. मी दादांना हाक मारली, बोटाने नाही, तोंडाने. आळीपाळीने आम्ही बघत राहिलो.

ती मरत नव्हती. दोन व्हायच्या आधी पेशी सगळं सोडून देते. पसरलेले हातपाय आवरून घेते, गुडघे पोटाशी घेतल्यासारखी गोल होते. आतला धागा तिने आधीच दुप्पट केलेला असतो, मग त्याची आखूड, जाड गुंडाळी होते, तीच ती गुणसूत्रं. ती मधोमध एका ओळीत येऊन उभी राहतात. सगळी आली की नाही हे बघेपर्यंत पेशी थांबते. एक जरी इकडेतिकडे राहिलेलं असलं तरी पुढचं पाऊल टाकत नाही. मग जोड्या सुटतात, निम्मी या टोकाला, निम्मी त्या टोकाला. मधे कंबर बारीक होत जाते. शेवटी एक दोरा राहतो, आणि तोही तुटतो. दोघी थोडा वेळ बिलगून बसतात, मग आपापल्या बाजूला पसरतात.

"झाली," दादा म्हणाले. ते मास्क नीट करत होते. बराच वेळ करत होते.

बाईंना मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि विचारलं, मग आई कोणती त्यातली?

मी म्हटलं, पुस्तकात पहिलीला मातृपेशी म्हणतात आणि या दोघींना कन्यापेशी. आई उरत नाही. दोघी मुलीच.

"गेली म्हणायची?"

"गेली असंही नाही. तिचं सगळं दोघींत आहे. पण ती म्हणून कुठे नाही."

माझे डोळे का भरून आले ते मला कळलं नाही, आणि त्यांना फक्त माझे पाय दिसत होते, ते एक बरं होतं. तरी त्या म्हणाल्या, "पाय का असे आवळून घेतलेस? मुलगी आहे ना तुला? जा, घेऊन ये तिला. बंद होईल ते पाळणाघर." मुलगी आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक सिस्टरनी सांगितलं असणार. त्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करू लागल्या.

त्यानंतर मात्र पेशी थांबल्याच नाहीत. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या किती ते कोण बघतं. मैदानात लहान लहान बेटं उठली. बेटं वाढून एकमेकांना भिडली आणि भिडली तिथे थांबली. शेजारीण लागली की त्यांचं काम तिथे संपतं. मग एका बाटलीच्या चार केल्या, चाराच्या पुष्कळ. रोज उष्टं गाळायचं, रोज अर्धं-अर्धं करायचं. दादा आणि मी आता बोलत होतो. गप्पा म्हणाव्या असं काही नाही. त्यांच्या गुडघ्याचं, टिल्लूच्या दाढेचं. पण पंख्यापेक्षा मोठ्या आवाजात.

बाईंचा ताप मधे चढला. दोन-तीन दिवस त्यांनी माझे पाय ओळखले नाहीत. सर्जन वर येऊन दारात उभे राहिले आणि कधी होईल, एवढंच विचारलं. मी म्हटलं, पापुद्रा धरला आहे, पण हात लावला तर फाटेल. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तेच विचारलं. ताप थोडा खाली आला. आम्ही पापुद्रा सोडवायचं ठरवलं.

तळापासून तो सुटतो तेव्हा लगेच आक्रसतो, कडा आत वळतात. कांद्याच्या आतल्या सालीसारखा, त्याहून पातळ. ओल्या जाळीच्या कापडावर एकेक पसरून ठेवताना मी श्वास धरला होता, कारण मास्कमधूनही श्वासाने तो हलायचा. डबा घेऊन खाली जायचं काम एरवी वॉर्डबॉयचं. तो मी केला नाही त्याच्या हवाली. लिफ्टमध्ये दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. वजन असं काही नव्हतंच. डब्याचंच काय ते. शेजारच्या माणसाने विचारलं, काय आहे, जेवण का? मी हो म्हटलं.

ऑपरेशन झालं. मग वाट बघणं. पट्टी इतक्यात उघडता येत नाही. खाली पापुद्रा धरतोय की कुजतोय, हे कोणालाच दिसत नसतं. वर माझ्याकडे खाऊ घालायला काही राहिलं नव्हतं. बाटल्या धुवून उलट्या घातल्या होत्या. सकाळी मी सवयीने इनक्युबेटरचं दार उघडायचे आणि मोकळ्या फळीकडे बघून बंद करायचे. दादा म्हणाले, पुढचा तुकडा येईल. मी म्हटलं, हो.

पट्टी सोडायच्या दिवशी सर्जननी मला बोलावून घेतलं. सिस्टर खारं ओतत होत्या आणि एकेक थर ओला करून सोडवत होत्या. बाईंनी पलंगाची कड घट्ट धरली होती. शेवटचा थर निघाला. सर्जन वाकले. मी त्यांच्या खांद्याआडून पाहिलं.

डाव्या खांद्याशी तळहाताएवढा भाग धरला नव्हता. तिथे लाल होतं, ओलं होतं. बाकी सगळीकडे ती होती. गुलाबी, झिरझिरीत, चमकणारी, कुठेकुठे खालचं दिसावं इतकी पातळ. पण होती. सर्जननी सिस्टरकडे पाहून मान हलवली आणि बाईंना म्हणाले की पाठ धरली आहे, खांद्याचं बघू, अजून काही दिवस असंच झोपावं लागेल, मग हळूहळू कूस बदलू. कोणाचा तरी फोन आला आणि ते गेले.

बाईंनी विचारलं, "तू आहेस ना? पाय दिसतात तुझे."

"आहे."

"कशी दिसते?"

नवीन, मी म्हटलं. तुमच्या बाकीच्या अंगापेक्षा जरा लाजरी.

"हात लाव बघू."

मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी नवे हातमोजे पुढे केले आणि एक बोट वर करून दाखवलं, एकच आणि हळू. मी मोजा चढवला. पाठीच्या मधोमध, जिथे ती सगळ्यात चांगली धरली होती, तिथे बोटाचं टोक टेकवलं. गरम होती.

"लावलंस का?"

"लावलंय."

"काहीच कळत नाही गं."

मी सांगितलं की संवेदना इतक्यात येत नाही. नसा खालून, कडेकडेने वाढत याव्या लागतात. महिने लागतात. पूर्ण येतीलच असंही नाही. हे सगळं मी फटीतल्या चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या कानाला सांगितलं, पहिल्या दिवशीसारखं, फक्त या वेळी लांबण न लावता.

सिस्टर नवी पट्टी कापत होत्या.

"आत्ता आहे का अजून बोट?"

"आहे."

"मग असू दे थोडा वेळ," बाई म्हणाल्या.